कव्हर चढवलं की सर्व्हो कण्हतो, बोर्ड रीसेट होतो, मान एका बाजूला पडते: कापडी डेस्क पेटचं परत परत येणारं दुखणं

आत छोटे सर्व्हो (सांगितलेल्या कोनात फिरून तिथे थांबणाऱ्या मोटरी) बसवलेला, टेबलावर बसून मान हलवणारा कापडी प्राणी ज्यांनी ज्यांनी करायला घेतलाय, त्यांची तक्रार एकच असते आणि शब्दसुद्धा जवळपास तेच. सांगाडा उघडा असताना मस्त चालतो, मान डोलते, शेपूट हलते, पण फ्लीसचं कव्हर चढवून शिवण बंद केली की थोड्याच वेळात सर्व्हो घूं घूं करायला लागतो, हात लावला तर धरवत नाही इतका तापतो, मग बोर्ड मध्येच रीसेट होतो, आणि कव्हर काढलं की परत सगळं ठणठणीत. मग माणूस सर्व्हो बदलतो, थोडे दिवस बरं चालतं, परत तेच. अडॅप्टर बदलतो, परत तेच. शेवटी कोडमध्ये डिले टाकत बसतो.

मी इथे जी जुळणी धरून लिहितोय ती साधीच आहे, बहुतेक जण हीच करतात: दोन-तीन एसजी९० सर्व्हो, एक ईएसपी३२ बोर्ड (सर्व्होला हुकूम देणारा छोटा कंट्रोलर), थ्रीडी प्रिंटचा नाहीतर फोमशीटचा सांगाडा, मानेला चकतीवरून खेचणारे धागे, वर फ्लीस किंवा होजिअरीचं कापड आणि आत रेक्रॉन, म्हणजे पॉलिस्टरचा कापूस, भरलेलं. तुमच्याकडे एमजी९०एस असेल, आर्डुइनो असेल, तरी खालचं बहुतेक सगळं लागू पडतं, आकडे तेवढे थोडे इकडेतिकडे.

माझं म्हणणं एवढंच आहे की लक्षण विजेचं दिसतं पण दुखणं बहुतेक वेळा कापडात असतं. कापड म्हणजे वरून घातलेला अंगरखा नाही, ते मशीनचा भाग आहे, त्याला स्वतःचा ताण आहे, आणि तो ताण सर्व्होला चोवीस तास ओढत राहतो. ओढलेला सर्व्हो करंट खातो, करंट वाढला की व्होल्टेज बसतं, व्होल्टेज बसलं की बोर्ड रीसेट होतो. साखळीचं शेवटचं टोक आपल्याला दिसतं म्हणून आपण तिथेच डागडुजी करत बसतो आणि मूळ तसंच राहतं, म्हणून ते परत येतं.

आधी दुखणं कुठल्या बाजूला आहे ते ठरवा

कव्हर पूर्ण काढा आणि तोच प्रोग्राम, तोच अडॅप्टर ठेवून अर्धा तास चालू द्या. उघडा सांगाडाच रीसेट होत असेल तर थेट खाली पॉवरच्या भागाकडे जा, कापडाचा इथे काही दोष नाही. उघडा नीट चालला तर कव्हर चढवा पण पाठीची शिवण उघडी ठेवा आणि आतला कापूस काढून टाका, नुसती रिकामी खोळ. ती चालली तर कापूस भरा, शिवण उघडीच. तीही चालली तर मग शिवण बंद करा. यातल्या ज्या पायरीला सर्व्हो कण्हायला लागला ती पायरी गुन्हेगार. हे कंटाळवाणं वाटतं, मान्य, पण नवीन सर्व्हो मागवून दोन दिवस वाट बघण्यापेक्षा लवकर होतं.

त्याच वेळी बोर्ड लॅपटॉपला लावून सीरियल मॉनिटर उघडा ठेवा. ईएसपी३२ व्होल्टेजमुळे पडला असेल तर तो स्वतःच सांगतो, ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ अशी ओळ येते. ही ओळ नसेल आणि दुसरंच काही गार्बेज किंवा वॉचडॉगचा (प्रोग्राम अडकला की बोर्ड रीसेट करणारा पहारेकरी) मेसेज असेल तर तुमचा प्रॉब्लेम बहुतेक कोडमध्ये आहे, तो वेगळा विषय. फक्त हे बघताना एक काळजी घ्या, सर्व्होचा अडॅप्टर थेट सर्व्होच्या लाल तारेला द्या, बोर्डाला यूएसबीवर ठेवा, आणि दोघांचा ग्राउंड तेवढा एकत्र जोडा. बाहेरचे ५ व्होल्ट आणि यूएसबी दोन्ही एकाच वेळी बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनवर घुसवू नका, काही बोर्डांवर मध्ये डायोड असतो, काहींवर नसतो, आणि नसला तर करंट उलटा लॅपटॉपच्या पोर्टात जायला बघतो.

कापड किती ओढतंय ते ग्रॅममध्ये मोजा

हा भाग मी लांबवणार आहे कारण इथेच सगळं आहे आणि हेच कोणी करत नाही.

प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला डिजिटल काटा मिळतो, तोच घ्या. ५ ग्रॅमपर्यंत बारीक दाखवणारा असेल तर उत्तम, १० ग्रॅमचा असला तरी काम भागतं. पूर्ण कव्हर चढवा, शिवण बंद करा, सर्व्होच्या चकतीवरून मानेचा धागा सोडवून घ्या आणि तो काट्याच्या हुकला बांधा. आता हाताने काटा हळूहळू ओढत मान तुम्हाला हवी तितकी, समजा ३०°, वाकवा आणि तिथे धरून ठेवा. धरल्यावर जो आकडा स्थिर होतो तो लिहून घ्या. ओढतानाचा आकडा जास्त येतो, सोडतानाचा कमी येतो, दोन्ही लिहा, त्या फरकाचं काम पुढे आहे. चारही दिशांना करा. मग कव्हर काढून परत तेच करा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या कापडाचा आणि कापसाचा ओढा.

आता सर्व्होकडे बघा. एसजी९० चा स्टॉल टॉर्क, म्हणजे जाम होताना लागणारा जास्तीत जास्त पिळाचा जोर, ४.८ व्होल्टला १.८ किलो-सेंमी लिहिलेला असतो. चकतीची त्रिज्या दीड सेंमी असेल तर धाग्यावर जास्तीत जास्त १.२ किलोची ओढ येते, आणि ती जाम झाल्यावरची ओढ आहे, तिथे सर्व्हो फक्त जळतो. सतत धरून ठेवायचं असेल तर मी स्टॉलच्या एक तृतीयांशाच्या वर जात नाही, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. डोक्याचं वजन यात फारसं नसतं हे पण हिशोबाने बघा. १०० ग्रॅमचं डोकं टेकूपासून (मान जिथून वाकते तिथून) ८ सेंमी वर आहे आणि ३०° झुकलंय, तर टॉर्क ०.४ किलो-सेंमी. धागा टेकूपासून ३ सेंमीवर अडकवलेला असेल तर त्यासाठी १३५ ग्रॅमसुद्धा ओढ लागत नाही. काट्यावर मात्र सातशे-आठशे ग्रॅम दिसतात. उरलेलं सगळं कापड आहे, आणि हे दिसल्यावर कोडमध्ये काहीही केलंत तरी ते कमी होणार नाही.

कापड इतकं का ओढतं? भूमिती बघा. मानेचं कव्हर ८ सेंमी व्यासाचं आहे, म्हणजे मध्यापासून कापड ४ सेंमीवर. मान ३०° वाकली की बाहेरच्या बाजूला कापडाला २.१ सेंमी जास्त लांबी लागते आणि आतल्या बाजूला तेवढीच उरते. मानेची उंची ६ सेंमी धरली तर बाहेरच्या बाजूचं कापड ३५ टक्के ताणलं जायला पाहिजे. साधं मागावर विणलेलं सुती कापड, मांजरपाट, पॉपलिन, उभ्या-आडव्या धाग्याच्या दिशेने जवळजवळ ताणतच नाही. म्हणजे तुम्ही सर्व्होला सांगताय की दोरखंड ताणून लांब कर. घट्ट बाहीचा कुर्ता घालून कोपर वाकवून बघा, कळेल सर्व्होला काय वाटतं ते.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करा. पहिला म्हणजे कापड ताणून लांबी मिळवायचीच नाही, आधीच जास्त लांबी द्यायची. मानेच्या पट्टीला वरच्या हिशोबातले २ सेंमी आणि वर एक सेंमी असं ३ सेंमी जादा कापड सगळीकडून ठेवा आणि ते आडव्या चुण्यांमध्ये जमवा, म्हणजे बाहेरची बाजू उघडते तेव्हा चुण्या सुटतात आणि आतली बाजू मिटते तेव्हा चुण्या पडतात. दिसायलाही छान दिसतं, कासवाच्या नाहीतर कुत्र्याच्या पिल्लाच्या मानेला वळ्या असतातच की. दुसरा उपाय कापडाची दिशा. फ्लीस आणि होजिअरी दोन्ही स्वेटरसारखी फाशांच्या विणीची कापडं आहेत आणि ती सहसा आडवी, म्हणजे एका किनारीकडून दुसऱ्या किनारीकडे, जास्त ताणतात, उभी कमी. जी दिशा वाकताना लांबते त्या दिशेला ताणणारी बाजू आली पाहिजे. मानेची पट्टी कापताना कापड वाचवायला म्हणून ती ९०° फिरवली की सगळं बिघडतं आणि शिवल्यावर ते डोळ्याला कळतही नाही. सुती कापडच हवं असेल, आईच्या जुन्या साडीचं करायचं असेल, कुणाच्या तरी आठवणीचं असेल, तर मानेची पट्टी उरेब कापा, ४५° मध्ये मागावरचं कापडही बऱ्यापैकी ताणतं.

शिवण हा तिसरा चोर. ताणणाऱ्या कापडावर साधी सरळ टीप मारली की ती टीप स्वतः ताणत नाही, त्यामुळे तुम्ही लायक्रा वापरलं तरी शिवणीच्या रेषेवर ते पॉपलिनसारखंच वागतं आणि मान नेमकी शिवण असलेल्या बाजूला कमी वाकते. ‘उजवीकडे नीट वळतो, डावीकडे अडतो’ ही तक्रार आली की मी आधी विचारतो शिवण कुठल्या बाजूला आहे. झिगझॅग टाका घाला किंवा ओव्हरलॉक करून घ्या, शेजारच्या शिंप्याकडे दोन मिनिटांचं काम आहे. आणि शक्य असेल तर मानेवरून शिवण नेऊच नका, ती पाठीवर किंवा पोटाखाली घ्या. शिवणीची आतली माया (टीपेबाहेरचं कापड) पण कापून कमी करा, चार पदर कापड एकावर एक आलं की तिथे काठीच तयार होते.

कापूस. सगळ्यांना प्राणी गुबगुबीत हवा असतो म्हणून मानेत ठासून रेक्रॉन भरतात. मान वाकते तेव्हा आतल्या बाजूचा रेक्रॉन दाबला जातो आणि दोन-चार दिवसांत तिथे त्याचा गोळा होतो, मग तो गोळा पाचरीसारखा अडून बसतो. नवीन असताना चालतं आणि आठवड्याने बिघडतं त्यातली बरीच प्रकरणं हीच असतात. मान पोकळ ठेवा. पोटात, डोक्यात भरा, पण सुटा नको, पातळ कापडाच्या वेगळ्या पिशवीत भरून ती पिशवी सांगाड्याला दोन टाक्यांनी अडकवा. यामुळे रेक्रॉनचे तंतू सर्व्होच्या शाफ्टमध्ये जाऊन गुंडाळण्याचाही प्रश्न सुटतो, ते तंतू एकदा गिअरच्या तोंडाशी गेले की चिमट्याने काढताना जीव जातो.

अजून एक, कव्हर सांगाड्याला किती ठिकाणी चिकटवलंय ते बघा. ग्लू गन हातात असली की लोक जागोजागी ठिपके देत सुटतात. कव्हर दोनच ठिकाणी धरलेलं असावं, खाली बैठकीच्या कड्याला आणि वर डोक्याला, मधलं सगळं सांगाड्यावरून मोकळं सरकलं पाहिजे. फोमवर फ्लीस अजिबात सरकत नाही, दोन्ही एकमेकांना धरतात, म्हणून मध्ये साटीनचं अस्तर घाला किंवा सांगाड्यावर चक्क नायलॉनचा पायमोजा चढवा. एवढ्यानेच काट्यावरचा आकडा घसरताना दिसतो.

कॉर्नेल विद्यापीठात मायकल सुगिटान आणि गाय हॉफमन यांनी केलेला ब्लॉसम नावाचा ओपन सोर्स रोबो आहे, २०१९ मध्ये त्यावर त्यांचा पेपर आला. त्याचं डोकं धाग्यांवर आणि इलॅस्टिकवर टांगलेलं आहे आणि वरचं कव्हर हाताने विणलेलं. क्रोशाची वीण मुळात नुसते फासेच फासे असल्यामुळे ती चारी बाजूंनी सैल ताणते, त्यामुळे असं कव्हर मोटरशी भांडत नाही. घरात मावशीला, काकूला क्रोशा येत असेल तर मानेचा तेवढा भाग विणून घ्या, मी अगदी मनापासून सांगतोय, फ्लीसपेक्षा सरस होतो. आणि जपानमधला युकाई इंजिनिअरिंगचा कूबो बघा, उशीला शेपूट, हलतं फक्त शेपूट, बाकी काही नाही, आणि तरी माणसं त्याला मांडीवर घेऊन बसतात. सगळंच हललं पाहिजे असा हट्ट नसला तर अर्धे प्रॉब्लेम जन्मालाच येत नाहीत.

पॉवर

कापड सुधारलं तरी ही बाजू कच्ची असेल तर रीसेट थांबणार नाहीत, म्हणून हेही करून टाका. एक एसजी९० जाम झाला की ६००–७०० मिलिअँप ओढू शकतो, आणि नुसता जागेवरून निघतानाही क्षणभर बराच झटका घेतो. तीन सर्व्हो एकदम निघाले तर २ अँपचा झटका. लॅपटॉपचा यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपचा असतो. ईएसपी३२ स्वतः वाय-फायवर पाठवताना क्षणिक २४० मिलिअँपच्या आसपास घेतो. बेरीज तुम्हीच करा.

बोर्डाच्या पिनवरून सर्व्होला पॉवर देऊ नका. ५ व्होल्ट ३ अँपचा बऱ्यापैकी अडॅप्टर घ्या, त्याच्या तारा थेट सर्व्होच्या पट्टीवर सोल्डर करा, आणि तिथेच, सर्व्होच्या अगदी जवळ, १००० मायक्रोफॅरडचा १० किंवा १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा, पट्टा असलेली बाजू ग्राउंडला, उलटा लावला तर फुगतो. ब्रेडबोर्ड इथे नको. ब्रेडबोर्डचे क्लिप आणि त्या बारीक जम्पर वायर मिळून २ अँपला अर्धा व्होल्ट आरामात खातात, आणि मानेच्या हालचालीने वायर हलत राहते म्हणून तो तोटा कधी असतो कधी नसतो, शोधून सापडत नाही. मल्टिमीटर लावायचा तर अडॅप्टरच्या टोकाला लावून उपयोग नाही, तिथे ५.१ च दिसणार, सर्व्होच्या पिनांवर लावा आणि मान वाकत असताना बघा. तिथे ४.६ च्या खाली जात असेल तर तारा जाड करा. खूप झटपट पडणारं व्होल्टेज मल्टिमीटरला दिसतही नाही हे पण लक्षात असू द्या, म्हणून सीरियलवरची ती ब्राउनआउटची ओळ जास्त खरी.

बॅटरीवाल्यांसाठी: एक १८६५० लिथियम सेल आणि व्होल्टेज वाढवणारं एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूल ही जोडी बहुतेक किटमध्ये असते आणि तीच रडवते. ५ व्होल्टला दीड अँप म्हणजे साडेसात वॉट, मॉड्यूल ८५ टक्के कार्यक्षम धरलं तर सेलमधून ८.८ वॉट, साडेतीन व्होल्टवर उतरलेल्या सेलकडून ते अडीच अँप होतात. मॉड्यूलवर २ अँप लिहिलेलं असतं, पण उतरलेल्या सेलवर तेवढे बाहेर मिळतीलच असं धरू नका. मग मान वाकली की मॉड्यूल बसतं. पॉवर बँक लावली तर उलटा प्रकार होतो, प्राणी झोपला की करंट इतका कमी होतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही आणि ती बंद होते, मग लोक म्हणतात आपोआप मरतो. डेस्क पेट आहे, टेबलावरच बसणार आहे, पाठीमागून एक वायर येऊ द्या की. शेपटीतून बाहेर काढली तर वाईटही दिसत नाही.

सगळे सर्व्हो एकाच क्षणी निघू नयेत म्हणून कोडमध्ये प्रत्येकाला ४०–५० मिलिसेकंदांचा फरक द्या आणि एकदम १२०° वर उडी न मारता पावलापावलाने न्या. जिवंत प्राणीही डोकं, कान आणि शेपूट एकाच ठोक्याला हलवत नाही, त्यामुळे दिसायलाही हे बरं.

पुण्यात असाल तर तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं, आणि कापडाचं सामान, इलॅस्टिक, वेल्क्रो, बटणं रविवार पेठेत. सर्व्हो घेताना दुकानातच चकती बोटाने हळूच फिरवून बघा, मधे खडखड लागली तर तो नको.

धागा

काट्यावर ओढतानाचा आणि सोडतानाचा आकडा वेगळा आला होता तो इथे कामाला येतो. फरक जास्त म्हणजे धागा कुठेतरी घासतोय. धागा जितका वळतो तितकी ओढ वाटेत मरते आणि ती बेरजेने नाही, पटीने मरते. घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर एका ९०° वळणाला १.३७ पट ओढ लागते, आणि वाटेत मिळून २७०° वळण झालं तर अडीच पटीच्या वर. म्हणजे सर्व्हो ४०० ग्रॅमने ओढतोय आणि मानेला दीडशेच पोचतायत. तोच धागा थ्रीडी प्रिंटरच्या टेफ्लॉनच्या नळीतून, ती २ मिमी आतला व्यास असलेली पांढरी नळी, नेला आणि गुणांक ०.१ धरला तर २७०° ला १.६ पटच लागते. नळीची दोन्ही टोकं सांगाड्याला पक्की धरलेली पाहिजेत, नाहीतर धागा ओढला की नळीच सरळ व्हायला बघते. कापडातच बोगदा शिवून त्यातून धागा नेणारे आहेत, तो दिसायला सुंदर असतो पण सुती बोगदा धाग्याला करकचून धरतो, आत नळी घाला.

तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा एकपदरी धागा, वापरू नका. स्वस्त असतो, कुठेही मिळतो, पण तो रबरासारखा ताणतो, सतत ओढीखाली हळूहळू लांबतो, आणि नायलॉन हवेतलं पाणी पितो म्हणून पावसाळ्यात मुंबई-कोकणात त्याची लांबी आणखी बदलते. आज मध्यावर आणलेली मान जुलैत एका बाजूला. मासेमारीचा विणीचा पीई (पॉलिथिलीन) धागा घ्या, तो जवळजवळ ताणत नाही आणि पाणीही पीत नाही. त्याची खोड एकच, गुळगुळीत असल्यामुळे साध्या गाठी सुटतात. धागा दुहेरी करून गाठ मारा, दोन-तीन वेढे जास्त द्या, ओली करून आवळा आणि वर सुपरग्लूचा थेंब. लायटरने टोक जाळताना गाठीपासून लांब, तो धागा दीडशे अंशाच्या आसपासच वितळतो.

एका सर्व्होच्या चकतीवरून दोन्ही बाजूंना दोन धागे नेले असतील तर अजून एक बारकी भानगड असते. कागदावर एक जितका ओढला जातो तितकाच दुसरा सुटतो. प्रत्यक्षात मान वाकताना दोघांच्या लांब्या अगदी तितक्याच बदलत नाहीत, त्यामुळे शेवटच्या काही अंशांत दोन्ही धागे एकमेकांविरुद्ध ताणले जातात आणि सर्व्हो स्वतःशीच कुस्ती खेळतो. लक्षण म्हणजे मध्यावर शांत, टोकाला कण्हणं, आणि हे उघड्या सांगाड्यावरही होतं. एका धाग्यात बॉलपेनमधली छोटी स्प्रिंग घाला, सुटलं. इलॅस्टिकवर परत आणत असाल तर हेही लक्षात ठेवा की दुकानातलं कापडात गुंडाळलेलं इलॅस्टिक काही महिन्यांत सैल पडतं, ते बदलता येईल अशा हुकवर लावा, आत चिकटवून टाकू नका.

कण्हणं, थरथर आणि उष्णता

इतकं सगळं केल्यावरही थांबलेला सर्व्हो बारीक कण्हत असेल तर तो टोकाला नेऊन ठेवलाय का बघा. ०° आणि १८०° ला जाऊच नका, स्वस्त सर्व्होंची खरी हद्द प्रत्येकाची वेगळी असते आणि पलीकडे ढकललं की तो आतल्या स्टॉपरवर डोकं आपटत राहतो. सर्व्होला जागा सांगणाऱ्या पल्सची लांबी कोडमध्ये मायक्रोसेकंदांत लिहा आणि १००० ते २००० च्या आत राहा, मध्य १५०० च्या आसपास. मानेला एवढं फिरणं पुरतं.

प्राणी झोपला की पल्स बंद करा, लायब्ररीत डिटॅच असतं त्यासाठीच, आणि पीसीए९६८५ ड्रायव्हर (अनेक सर्व्होंना पल्स देणारी वेगळी चिप) असेल तर त्याची आउटपुट एनेबलची पिन हाय केली की सगळे एकदम शांत. एसजी९० सारखा अॅनालॉग सर्व्हो पल्स थांबला की सैल पडतो, मग कापड मानेला आपल्या बाजूला ओढून नेतं. हाच खरं तर कापडाची फेरतपासणी करायचा क्षण आहे: पल्स बंद केल्यावर मान आपण होऊन जिथे जाऊन थांबते, तिथेच त्याची झोपायची पोझ ठेवा. प्राणी दिवसातला बहुतेक वेळ झोपलेलाच असतो, तेवढा वेळ जवळजवळ शून्य करंट. हे एकच करून बघा, सर्व्होचं आयुष्य कुठल्या कुठे जातं.

मधूनच फुटकळ थरथर होत असेल तर ग्राउंड एकत्र आहे का ते पहिलं. राझबेरी पायवर सॉफ्टवेअरने पल्स काढत असाल तर लिनक्स मध्येच दुसऱ्या कामाला लागतो आणि पल्स हलतो, पीसीए९६८५ लावा. पण हा ड्रायव्हर बदलला तर मध्य परत लावावा लागतो, त्याचं आतलं घड्याळ प्रत्येक चिपमध्ये थोडं पुढे-मागे असतं. ईएसपी३२ चालू होताना मान एकदम झटका देत असेल तर पिन बदला, काही पिना बूटच्या वेळी स्वतःहून सिग्नल काढतात, २५, २६, २७, ३२, ३३ वापरा आणि सिग्नलला १० किलोओहमने खाली ग्राउंडला बांधा.

उष्णतेचं हलक्यात घेऊ नका. फ्लीस आणि रेक्रॉन म्हणजे रजई, आतली उष्णता बाहेर जातच नाही. पीएलएचा (थ्रीडी प्रिंटिंगच्या नेहमीच्या प्लॅस्टिकचा) सांगाडा ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, सर्व्होचे स्क्रू ज्या भोकांत बसलेत ती भोकं हळूहळू मोठी होतात आणि सर्व्होच तिरका होतो, मग धागा सैल, मग लोक धागा आवळतात, मग ओढ वाढते. खाली बैठकीला जाळी ठेवा, सर्व्होच्या भोवती बोटभर जागा रिकामी ठेवा. आणि लिथियमचा सेल आत असेल तर कापसात गुंडाळून चार्ज करू नका, बाहेर काढून, डोळ्यांसमोर. पॉलिस्टर पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं, आणि ही वस्तू लहान मुलं छातीशी धरतात.

मुलं आहेत म्हणून आणखी एक, ती मान पिळणारच. एसजी९० चे गिअर नायलॉनचे असतात, पिळले की दात जातात आणि मग ठराविक अंशावर टकटक होऊन मान घसरते. डोकं सांगाड्याला स्क्रूने न बसवता चुंबकाने किंवा वेल्क्रोने बसवा, जोरात पिळलं तर डोकं निघून हातात येईल, मूल हसेल आणि परत लावेल. पाठीला चेन किंवा वेल्क्रो असलाच पाहिजे, शिवून बंद केलेला प्राणी दुरुस्त करताना दर वेळी कापड फाडायला लागतं आणि दर वेळी ते थोडं घट्ट शिवलं जातं.

परत येण्याचं शेवटचं कारण म्हणजे कापड स्थिरावणं. नवीन कव्हर पहिल्या काही दिवसांत सैलावतं, मध्य हलतो, तेव्हा आठवड्याने परत काटा लावा, चारही दिशांचे ग्रॅम आणि मधला पल्स कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने तारखेसकट लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी कण्हला की लगेच कळतं बदल कापडात झालाय की सर्व्होत. धुतल्यावर परत मोजा, सुती होजिअरी आकसते. आणि म्हणूनच कापड कापायच्या आधी एकदा धुवून वाळवून घ्या, शिवल्यावर आकसलं तर चुण्यांसाठी ठेवलेले ते ३ सेंमी पहिल्याच धुण्यात जायला लागतात.